वॉटरफॉलवर जहाजं दिसतात, पण पॅकेट हाती लागत नाहीत: एआयएस रिसीव्हरबद्दल एका विद्यार्थ्याला सविस्तर उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारा मुलगा फर्मागुढीला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर वास्कोजवळ चिखलीला. गच्चीवर अँटेना लावून मुरगाव बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांचे एआयएस संदेश (जहाज आपली ओळख आणि स्थान रेडिओवरून आपोआप कळवत राहतं, ते) पकडायचे, असा त्याचा प्रकल्प आहे. त्याच्याकडे साधा आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर), वीस मीटर आरजी-58 केबल आणि घरी बनवलेला उभा डायपोल आहे. 161.975 आणि 162.025 मेगाहर्ट्झ या दोन्ही चॅनलवर वॉटरफॉलमध्ये (कोणत्या क्षणी कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणाऱ्या चित्रात) छोटे छोटे ठिपके छान दिसतात, पण त्यातले बरेचसे डीकोड होत नाहीत, सीआरसीत, म्हणजे संदेशाच्या (पॅकेटच्या) शेवटी असणाऱ्या चूक-तपासणीच्या बिटांत, नापास होतात. मार्गदर्शकांचं मत, चॅनल नॉइझी आहे. तेव्हा भारी एलएनए (स्वतःचा नॉइज फार कमी घालणारा अँप्लिफायर) घ्यावा, की मशीन लर्निंगवर चालणारा डिमॉड्युलेटर (सिग्नलमधून बिट काढणारा प्रोग्राम) लिहावा, असं तो विचारतो.

माझं उत्तर असं की आत्ता यातलं काहीच करू नकोस. आधी पॅकेट नेमकी कुठे मरतात ते शोध. व्हीएचएफ सेट आणि मॉडेमच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट मी खात्रीने सांगू शकतो. ‘नॉइज आहे’ हे निदान बहुतेक वेळा मोजमाप न करता केलेलं असतं, आणि त्यापायी मुलं महिनोन्‌महिने चुकीच्या ठिकाणी मेहनत करत बसतात.

सुरुवात तुझ्या वॉटरफॉलपासूनच करू. ठिपका स्पष्ट दिसतो म्हणजे सिग्नल भरपूर आहे, असं तू धरून चालला आहेस. ते बरोबर नाही. एआयएसचा एक स्लॉट 26.67 मिलिसेकंदांचा, म्हणजे 256 बिटांचा असतो. ठिपका बघताना तुझा डोळा त्या सगळ्या वेळातली ऊर्जा एकत्र करून बघतो. डिमॉड्युलेटरला मात्र प्रत्येक बिटाचा निर्णय त्या एकट्या बिटाच्या वेळात घ्यायचा असतो, आणि 9600 बिट प्रति सेकंद या वेगाला तो वेळ जेमतेम 104 मायक्रोसेकंद भरतो. 256 पट म्हणजे 24 डीबीचा फरक (डीबी हे गुणोत्तराचं माप: 10 डीबी म्हणजे शक्ती दहापट, 3 डीबी म्हणजे दुप्पट). इथे काहीतरी आहे एवढं ओळखणं आणि ते अक्षर न् अक्षर वाचणं, या दोन कामांमध्ये एवढी मोठी दरी आहे.

आता ‘पुरेसा सिग्नल’ म्हणजे किती, ते आकड्यांत बघू. 290 केल्विनला औष्णिक नॉइज दर हर्ट्झला −174 डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत डीबी) असतो. 9600 बिटांसाठी त्यात सुमारे 40 डीबी मिळव, रिसीव्हरचा नॉइज फिगर, म्हणजे तो स्वतः जी नॉइजची भर घालतो तिचं माप, 6 डीबी धर, की −128 डीबीएम येतं. या पातळीला एका बिटाची ऊर्जा आणि नॉइजची घनता सारखी होते. चांगल्या डिमॉड्युलेशनला याच्या वर निदान दहाएक डीबी लागतात. म्हणजे नुसता औष्णिक नॉइज असता, तर −118 च्या आसपासही काम भागलं असतं. मोठ्या जहाजांवरच्या क्लास ए सेटसाठी मानकाची अपेक्षा −107 डीबीएमला जास्तीत जास्त 20 टक्के पॅकेट गेली तरी चालतील, इतकी ढिली आहे. तू मानकाच्या पुढे जाऊ शकतोस, तेवढी जागा आहे.

पण एआयएसमध्ये एक अडचण आहे. एका साध्या स्थान-संदेशात 168 बिट माहिती आणि 16 बिट सीआरसी असते, मिळून 184. त्यात चुका दुरुस्त करणारा कोड नाही. एक बिट चुकला की सगळं पॅकेट कचऱ्यात. बिट चुकण्याचं प्रमाण हजारात एक असेल, तर साधारण 17 टक्के पॅकेट जातात. तेच शंभरात एक झालं, तर 84 टक्के जातात. आणि हजारात एकवरून शंभरात एकवर यायला सिग्नल फक्त काही डीबीने पडावा लागतो. म्हणून एआयएसमध्ये ‘थोडं कमी येतं’ असं फारसं होत नाही. येतं किंवा येत नाही, आणि मधली पट्टी अगदी अरुंद. तू त्या पट्टीवर उभा आहेस. ही वाईट बातमी नाही, कारण तिथे दोन-तीन डीबी मिळवले तरी चित्र पालटतं.

ते डीबी कुठून आणायचे?

पहिली चाचणी फुकट आहे. अँटेना काढ, त्या जागी 50 ओहमचा डमी लोड (नुसता रोधक) लाव आणि 162 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रिकाम्या जागेतली नॉइजची पातळी लिहून ठेव. मग अँटेना जोडून तीच पातळी बघ. ऑटोमॅटिक गेन (रिसीव्हरने आपोआप ठरवलेली सिग्नलची वाढ) बंद असू दे, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही. अँटेना जोडल्यावर पातळी चार-पाच डीबींनी किंवा जास्त वर गेली, तर तुझ्या अडचणीचं मूळ बाहेरून येणाऱ्या नॉइजमध्ये आहे, रिसीव्हरच्या बहिरेपणात नाही. वस्तीत असंच निघतं. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सोलर इन्व्हर्टर, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, सगळे मिळून या पट्ट्यात धूळ उडवतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रमाण सूत्राने 162 मेगाहर्ट्झला निवासी भागातला मानवनिर्मित नॉइज औष्णिक पातळीच्या सुमारे 11 डीबी वर येतो, ग्रामीण भागात सुमारे 6 डीबी.

या दोन आकड्यांवरून एलएनएच्या प्रश्नाचा निकाल लागतो. बाहेरचा नॉइज 11 डीबी आणि रिसीव्हरचा 6 डीबी धरून दोन्हींची बेरीज कर, एकूण 12 च्या थोडं वर येतं. तिथे 1 डीबी नॉइज फिगरचा उत्तम एलएनए लावलास, तर एकूण 11.4 वर येतं. फायदा एक डीबीसुद्धा नाही. अर्थात तुझ्या केबलचा हिशेब यात धरलेला नाही. आरजी-58 या फ्रिक्वेन्सीला शंभर मीटरला सुमारे 20 डीबी खाते, म्हणजे तुझ्या वीस मीटरमध्ये 4 डीबी गेले. तेही धरलं, तर एलएनए अगदी अँटेनाच्या पायाशी लावून दोनएक डीबी पदरात पडतात. खोलीत, डोंगलच्या शेजारी लावलास तर दीडएक डीबी. उलट तोच डायपोल दिव्यांच्या वायरिंगपासून आणि इन्व्हर्टरपासून दूर, गच्चीच्या समुद्राकडच्या टोकाला नेलास, तर बाहेरचा नॉइज निवासीवरून ग्रामीण पातळीकडे, म्हणजे पाच डीबीपर्यंत खाली सरकू शकतो, आणि एलएनए न लावताही दोनएक डीबी मिळू शकतात. खर्च फक्त एका पाइपचा. एका रात्री शेजाऱ्यांना सांगून मेन स्विच बंद करता आला, तर लॅपटॉप बॅटरीवर चालवून नॉइजची पातळी पुन्हा मोज. कोणाच्या घरातला चार्जर ओरडतो, ते त्याच रात्री कळेल.

दुसरी शक्यता याच्या बरोबर उलट आहे, आणि चिखलीला ती मला जास्त दाट वाटते. तुझ्या डोंगलला सिग्नल कमी पडत नसून जास्त होत असेल. डोंगलचा एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) 8 बिटांचा, म्हणजे सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान सिग्नलमध्ये त्याला जेमतेम 50 डीबीचं अंतर सांभाळता येतं. तुझ्या एका बाजूला दाबोळीचा विमानतळ, दुसऱ्या बाजूला बंदर. बंदरातले सेट 156 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात 25 वॉटवर बोलतात, नांगरावरचं जहाज एआयएससाठी साडेबारा वॉट सोडतं, आणि वर एफएम रेडिओची 88 ते 108 ची फौज आहेच. गेन पूर्ण चढवून ठेवलास की ट्यूनर गुदमरतो, आणि तुला दिसणारा ‘नॉइज’ तुझ्याच डोंगलमध्ये तयार होतो. ओळखायची खूण अशी की गेन एकदम 10 डीबीने खाली आण. नॉइज 10 च्या ऐवजी 15 ने पडला आणि पॅकेट वाढली, तर रोग सापडला. मग आधी 162 चा बँडपास फिल्टर (तेवढाच पट्टा पुढे सोडणारा), एलएनए त्याच्यानंतर, आणि तोही गरज असेल तरच.

तिसरी गोष्ट आपल्या हवेची. पावसाने 162 मेगाहर्ट्झचा सिग्नल हवेत कमी होत नाही, तो विचार सोडून दे. पाऊस केबलमध्ये शिरून घात करतो. किनाऱ्यावरचा वर्षभर जुना पीएल-259 कनेक्टर उघडून बघ. मधल्या पिनेवर हिरवट थर, जाळीच्या तांब्याचा रंग काळपट, आणि चिमटीत धरून ओढलं की जाळीचे तुकडे हातात येतात. वरून कनेक्टर नवा दिसतो, कारण वरचं निकेल शाबूत असतं. मीठ आणि ओल जाळीतून केबलच्या आत कित्येक हात सरकलेली असते, त्यामुळे नुसता कनेक्टर बदलून भागत नाही. चकचकीत तांबं दिसेपर्यंत केबल मागे कापत जावं लागतं. नवा जोड सेल्फ-अमाल्गमेटिंग टेपने घट्ट गुंडाळ, त्यावर उन्हासाठी साधी काळी टेप, आणि जोडाच्या खाली केबलला एक खालच्या बाजूचा झोल ठेव, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल. जूनच्या आधी हे काम उरकून घे.

एवढं झालं की मगच सॉफ्टवेअरकडे वळ. पण केलेल्या बदलाने फायदा झाला की नाही, हे ठरवणार कसं? आलेली पॅकेट मोजून कळत नाही, कारण आज जहाजं जास्त असतील, उद्या कमी. मोजपट्टी समुद्रातच उभी आहे. नांगर टाकलेलं क्लास ए जहाज दर तीन मिनिटांनी स्थान कळवतं. तासाला वीस संदेश, दोन्ही चॅनलवर आलटून पालटून. बंदराबाहेर नांगरावर असलेलं, तुला अधूनमधून ऐकू येणारं एखादं जहाज धर आणि रात्रभर त्याच्या एमएमएसआयचे (जहाजाच्या ओळख-क्रमांकाचे) संदेश मोज. वीसपैकी किती आले, हा तुझा खरा आकडा. जागा ठरलेली, शक्ती ठरलेली, अंतर ठरलेलं. विकतचा सिग्नल जनरेटर घेऊनही इतकी प्रामाणिक चाचणी जमणार नाही. एक बदल कर, एक रात्र मोज, मग पुढचा बदल.

आता डिमॉड्युलेटर. त्याआधी सगळ्या विषयाचा गाभा सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातून निघतं. नॉइजमधून सिग्नल सोडवायचा म्हणजे नॉइज ‘काढून टाकायचा’ नसतो. तुझ्या पट्ट्यात शिरलेला नॉइज कोणत्याच गणिताने वेगळा होत नाही. आपल्या हातात एवढंच असतं की काय पाठवलं गेलं असू शकतं याबद्दल जे जे आधीपासून माहीत आहे, ते सगळं वापरायचं. डॉक्टरचं अक्षर मेडिकलवाल्याला लागतं ते त्याची नजर तीक्ष्ण असते म्हणून नव्हे, तर कोणकोणती नावं असू शकतात हे त्याला ठाऊक असतं म्हणून. एआयएसबद्दल आपल्याला पुष्कळ ठाऊक आहे. वेग ठरलेला, मॉड्युलेशन जीएमएसके (फ्रिक्वेन्सी मऊपणे वर-खाली सरकवून बिट पाठवणं), सुरुवातीला 24 बिटांचा एक-आड-एक सराव, मग 01111110 असा ध्वज, शेवटी सीआरसी. तुझा सध्याचा प्रोग्राम यातलं किती वापरतो? तू पाठवलेल्या वर्णनावरून तरी फार थोडं.

सगळ्यात आधी फ्रिक्वेन्सीची चूक. स्वस्त डोंगलचं क्रिस्टल 50 पीपीएम (दहा लाखांत 50) चुकलं, तर 162 मेगाहर्ट्झला ती चूक 8 किलोहर्ट्झ होते. एआयएसचं विचलन, म्हणजे बिटानुसार फ्रिक्वेन्सी सरकते ते अंतर, फक्त 2400 हर्ट्झ इकडे आणि 2400 तिकडे. डिस्क्रिमिनेटरनंतर (तो फ्रिक्वेन्सी मोजून तिची पातळी काढतो) फ्रिक्वेन्सीची चूक म्हणजे सरळ वर किंवा खाली सरकलेली रेघ. चूक 1 किलोहर्ट्झ उरली, तरी शून्याची पातळी विचलनाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त सरकते. लांबलचक सारखे बिट त्यातही वाचतात, पण आलटून पालटून येणारे बिट मरतात, कारण गॉसियन फिल्टरमुळे ते पूर्ण 2400 पर्यंत पोचतच नाहीत. आय डायग्राम (सगळ्या बिटांचे आकार एकावर एक रचलेलं चित्र) काढून बघ, आतली बारीक कड आधी बंद झालेली दिसेल. म्हणून एक पीपीएमचा टीसीएक्सओवाला (तापमान बदललं तरी स्थिर राहणाऱ्या क्रिस्टलचा) डोंगल घे. एलएनएपेक्षा हा खर्च सार्थकी लागेल.

पण तेवढ्यावर थांबू नकोस. प्रत्येक जहाजाचा सेटही 500 हर्ट्झपर्यंत चुकलेला असू शकतो, आणि प्रत्येकाची चूक वेगळी. तेव्हा दर पॅकेटला नव्याने मोजायला हवं. इथे सराव-बिट कामाला येतात. 0101 हा क्रम एनआरझेडआय या बिट मांडायच्या पद्धतीतून गेला की हवेत 0011 0011 असा निघतो, कारण एनआरझेडआयमध्ये शून्याला पातळी बदलते आणि एकला तशीच राहते. म्हणजे चार बिटांची एक लाट, आणि 24 बिटांत अशा सहा लाटा. प्रत्येक लाटेत वर आणि खाली सारखंच, त्यामुळे पूर्ण लाटांची सरासरी घेतली की जे उरतं ती फ्रिक्वेन्सीची चूक. आणि त्याच 2400 हर्ट्झच्या लाटेचा फेज, म्हणजे लाट आपल्या फेरीत कुठे आहे ते, बघितलं की बिटाचा मध्य कुठे आहे तेही कळतं. एकाच तुकड्यातून दोन्ही उत्तरं मिळतात.

वेळेचा विषय निघाला आहे तर तुझ्या पीएलएलबद्दल बोलू. तू बिट-घड्याळ सावरायला फिरता लूप लावला आहेस. तो काढून टाक. दोन्हीकडच्या घड्याळांत 50 पीपीएमचा फरक धरला, तरी 256 बिटांच्या अखेरीला घसरण एका बिटाच्या दीड टक्क्याहूनही कमी होते. म्हणजे सुरुवातीला नीट पकडलेली वेळ शेवटपर्यंत पुरते. एवढ्या छोट्या पॅकेटमध्ये लूप स्थिरावेपर्यंत निम्मं पॅकेट निघून जातं, आणि नॉइज वाढला की तो नॉइजच्याच मागे धावतो. पुस्तकांत लूपचं कौतुक असतं ते सतत चालणाऱ्या लिंकसाठी. एआयएससारख्या छोट्या, तुटक-तुटक प्रक्षेपणाला पूर्ण पॅकेट स्मृतीत साठवून, पुढे-मागे बघून एकदाच अंदाज घेणं केव्हाही चांगलं.

फ्रिक्वेन्सी जागेवर आली की फिल्टर अरुंद कर, त्याआधी नको. चॅनल 25 किलोहर्ट्झचा आहे म्हणून तू फिल्टरही 25 चा ठेवलास, पण सिग्नलची बहुतेक ऊर्जा दहाएक किलोहर्ट्झमध्ये मावते. 12 च्या आसपास आणलास की डिस्क्रिमिनेटरवर जाणारा नॉइज निम्म्याहून कमी होतो, तीन डीबी फुकट. हे महत्त्वाचं अशासाठी की डिस्क्रिमिनेटरला उंबरठा असतो. त्याच्या खाली सिग्नल गेला की फेज एकदम पूर्ण फेरी मारतो, आउटपुटला मोठा टोचा येतो आणि तो बिट हमखास चुकतो. जुन्या एफएम सेटवर दूरचं स्टेशन ऐकताना येणारा ‘टक्‌ टक्‌’ आवाज हाच.

याच्या पुढचे डीबी डिस्क्रिमिनेटर सोडला तरच मिळतात. तुझ्या प्रकल्पाचा खरा अभ्यास इथे आहे, आणि मी इथेच वेळ घालवेन. जीएमएसकेमध्ये दर बिटाला फेज 90 अंशांनी पुढे किंवा मागे जातो. आलेल्या प्रत्येक बिटाला क्रमाने 90, 180, 270 अंश असा उलटा पीळ दिला, की सगळे बिंदू एकाच रेषेवर, दोन टोकांना गोळा होतात. जीएमएसके जवळजवळ बीपीएसकेसारखा (फेजच्या 0 आणि 180 अंश अशा दोनच जागा) दिसू लागतो. ‘जवळजवळ’ म्हणण्याचं कारण शेजारच्या बिटांचा थोडा शेंदूर एकमेकांना लागलेला असतो, पण एआयएसच्या 0.4 बीटीला (गॉसियन फिल्टर किती अरुंद आहे त्याचं माप) तो सोसण्याइतका आहे. जीएमएसकेसारखे सिग्नल साध्या स्पंदांच्या बेरजेत कसे मोडायचे ते पिएर लॉराँ यांनी 1986 मध्ये दाखवलं, आणि जीएसएम मोबाइलच्या रिसीव्हरनाही त्याचा मोठा आधार झाला. या रूपात मॅच्ड फिल्टर (स्पंदाच्या आकाराशी जुळणारा) लावता येतो, आणि हवा तर वर छोटा व्हिटर्बी. अँड्र्यू व्हिटर्बी यांची 1967 ची ही पद्धत शेजारच्या बिटांचा उरलेला गोंधळ व्यवस्थित निस्तरते. डिस्क्रिमिनेटरच्या तुलनेत दोन-तीन डीबी सहज मिळावेत.

यात एक सुंदर गंमत आहे. पीळ काढलेल्या बिंदूंचा क्रम घेतलास, तर एआयएसचा मूळ बिट म्हणजे आत्ताचा बिंदू आणि त्याच्या आधीचा एक सोडून दुसरा बिंदू, यांचा गुणाकार. एक फरक जीएमएसकेचा, दुसरा एनआरझेडआयचा, दोन्ही मिळून मधला बिंदू गळून पडतो. कागदावर मांडून बघ, तीन ओळींचं काम आहे. परिणाम असा की कोहेरंट (फेज वापरणाऱ्या) रिसीव्हरची नेहमीची डोकेदुखी, म्हणजे फेज सुलट की 180 अंश उलट, इथे उरतच नाही. उणे गुणिले उणे अधिकच.

त्याच गणितातून चुकांची दुरुस्तीही निघते. पीळ काढलेल्या पद्धतीत एक बिंदू चुकला, तर दोन बिट चुकतात आणि त्यांच्यामध्ये एक बिट बरोबर असतो. डिस्क्रिमिनेटरच्या पद्धतीत एक निर्णय चुकला, तर लागोपाठचे दोन बिट चुकतात. म्हणून सीआरसी नापास झालेल्या पॅकेटमध्ये एकेक बिट उलटवून बघणं व्यर्थ आहे. उलटवायचा तो एनआरझेडआयच्या आधीचा निर्णय. कोणता? जो शून्याच्या सगळ्यात जवळ होता तो. त्यासाठी प्रत्येक निर्णयाबरोबर त्याची खात्री किती, हेही साठवून ठेव. सगळ्यात डळमळीत सहा निर्णय घेतले, तर त्यांच्या सगळ्या मिळून 64 शक्यता होतात. प्रत्येक शक्यतेसाठी एनआरझेडआय सोडव, पाच एकांनंतर (डेटा ध्वजासारखा दिसू नये म्हणून) घुसवलेले शून्य काढ, सीआरसी तपास. शून्य काढताना डेटाच्या मध्येच सहा एक लागोपाठ आले, तर ती शक्यता तिथेच सोडून दे.

सावध मात्र राहा. 16 बिटांची सीआरसी निव्वळ योगायोगाने 65,536 मध्ये एकदा पास होते. 64 वेळा प्रयत्न केलास, की निव्वळ नॉइजची हजार ‘पॅकेट’ दिल्यावर त्यातलं सरासरी एक खरं म्हणून बाहेर पडणार. मग नकाशावर दूधसागरच्या माथ्यावर जहाज दिसतं. म्हणून दुरुस्त केलेलं पॅकेट वेगळं खूण करून ठेव आणि जास्तीचा पुरावा माग. हा एमएमएसआय आधी स्वच्छ ऐकला आहे का? भारतीय जहाज असेल तर सुरुवात 419 ने होते का? मागच्या स्थानापासून या स्थानापर्यंत तेवढ्या वेळात पोचणं शक्य आहे का? हेही ‘आधीपासून माहीत असलेलं’ वापरणंच आहे.

क्लॉड शॅनन यांनी 1948 मध्ये घालून दिलेली शेवटची मर्यादा, दर बिटाची ऊर्जा नॉइजच्या घनतेच्या तुलनेत −1.59 डीबी, तुझ्या वाचनात आली आहे आणि एआयएस तिच्यापासून इतकं लांब का, असंही तू विचारलं आहेस. उत्तर रचनेत आहे. शेजारी एफटी8 हा संदेशांचा प्रकार ठेवून बघ. नोबेल विजेते खगोलशास्त्रज्ञ जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी 2017 मध्ये हौशी रेडिओसाठी तो बनवला. त्यात 77 बिटांचा संदेश, त्यावर 14 बिटांची सीआरसी, आणि त्या 91 बिटांचे एलडीपीसी या चुका दुरुस्त करणाऱ्या कोडने 174 होतात. पाठवायला 12.64 सेकंद. म्हणजे संदेशातल्या दर बिटाला 0.164 सेकंद, एआयएसच्या 104 मायक्रोसेकंदांच्या तुलनेत दीड हजार पटींहून जास्त. नुसत्या सावकाशीचे 32 डीबी, आणि कोडचा फायदा त्याच्यावर. एआयएसला ही चैन परवडत नाही. एका मिनिटात एका चॅनलवर 2250 स्लॉट सगळ्या जहाजांना वाटून घ्यायचे आहेत, आणि समोरून येणाऱ्या जहाजाची खबर बारा सेकंद उशिरा मिळून चालत नाही. त्यामुळे जो कोड पाठवणाऱ्याने घातलाच नाही, त्याचा फायदा तुला कोणत्याही हुशारीने घेता येणार नाही. मशीन लर्निंगचंही तेच. नॉइज साधा पांढरा असेल, तर मॅच्ड फिल्टर आणि व्हिटर्बीच्या पलीकडे शिकण्यासारखं काही उरत नाही. नेटवर्क फार तर तेच पुन्हा शिकेल. आवेगी (अचानक टोचे येणारा) नॉइज किंवा एकमेकांवर चढलेले सिग्नल असतील तिथे त्याला वाव आहे, पण तो पुढचा प्रकल्प.

एकमेकांवर चढलेल्या सिग्नलवरून आठवलं. तुझी काही पॅकेट नॉइजमुळे मरतच नसतील. जहाजं स्लॉट आपापसांत ठरवतात ते एकमेकांना ऐकून. उत्तरेकडचं एक जहाज आणि दक्षिणेकडचं दुसरं एकमेकांच्या क्षितिजापलीकडे असतील, तर दोघं एकच स्लॉट घेऊ शकतात, आणि मध्ये उंचावर बसलेल्या तुला दोन्ही एकदम ऐकू येतात. अँटेना सड्यावर 50 मीटरवर असेल आणि जहाजाची 25 मीटरवर, तर रेडिओ क्षितिज साधारण 50 किलोमीटर येतं. जितका उंच जाशील तितकी अशी टक्कर जास्त. पावसाळ्याआधीच्या उकाड्याच्या संध्याकाळी तर अरबी समुद्रावर डक्टिंग होतं (हवेचे थर सिग्नलला क्षितिजापलीकडे वाहून नेतात) आणि शेकडो किलोमीटरवरची जहाजं अचानक दिसू लागतात. त्या संध्याकाळी ‘पॅकेट वाढली आणि चुकाही वाढल्या’ असं दिसलं, तर रिसीव्हरला हात लावू नकोस. रात्रभराची मोजणी अशा दिवशीची असेल तर ती धरू नकोस.

आता कामाला लाग. डमी लोड, गेन, कनेक्टर, अँटेनाची जागा, हे या शनिवार-रविवारी होईल. त्यानंतर नांगरावरच्या एखाद्या जहाजाचा रात्रभराचा आकडा आणि दहा मिनिटांचं कच्चं आयक्यू रेकॉर्डिंग (डोंगलमधून येणारे मूळ आकडे) मला पाठव. गेन किती होता आणि सॅम्पल रेट किती, ते फाइलच्या नावातच लिही. पीळ काढून बिंदू कसे दिसतात ते त्यावरच दोघं मिळून बघू.